चेन सॉच्या बिलावर तीन आकडे लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की आपल्या दैनिकात पावसाळापूर्व तयारीच्या बातम्या येऊ लागतात. नालेसफाई, धोकादायक झाडे, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या, तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी क्रमांक, हे सगळे त्यात असते आणि ते असायलाच हवे. त्याच यादीत ‘झाडे तोडण्यासाठी कटर सज्ज’ असेही एक वाक्य हमखास असते. त्या कटरच्या, म्हणजे चेन सॉच्या, चेनला धार आहे का, जादा चेन कोणाकडे आहे, ती त्या बारवर, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्यावर, बसते का आणि धार लावायची कानस त्या मापाची आहे का, हे प्रश्न विचारलेले मात्र मी आजवर वाचले नाहीत. म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि ते थोडे लांबले तरी छापावे अशी विनंती आहे.

मी दापोली तालुक्यातील आंबा-सुपारीचा बागायतदार आहे. बागेकडे पूर्णवेळ वळण्यापूर्वी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो, त्यामुळे कानस, व्हाइस आणि वर्निअर यांच्याशी माझा संबंध उभ्या आयुष्याचा आहे. तरीही चेन सॉच्या बाबतीत माझे डोळे उघडले ते ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर. त्या दुपारनंतर आमच्या वाडीतून बाहेर पडायला रस्ता उरला नव्हता. आगरातल्या पोफळी दोऱ्या कापल्यासारख्या मोडून पडल्या होत्या, माड आडवे झाले होते आणि वाडीच्या तोंडाशी असलेला जुना रायवळ आंबा मुळासकट उपटून रस्त्यावर पडला होता. वाडीत दोन चेन सॉ होत्या. त्यांपैकी एक, २० इंची बारची, शेजाऱ्याने आदल्या वर्षी घेतलेली होती. दुसरी, १६ इंची बारची, माझी होती. साहजिकच मोठी पुढे झाली.

पहिल्या दोन तासांत तिने चांगले काम केले. मग भुसा बारीक होत गेला, बारमधून धूर येऊ लागला आणि शेजाऱ्याचा मुलगा मशीनवर अंग टाकून ते ओंडक्यात दाबू लागला. कारण उघड होते. ओंडका चिखलात पडलेला होता आणि आमच्या तांबड्या मातीचा कण चेनच्या धारेला जे करतो ते एखादा खिळा करील त्याहून फार कमी नसते. तिसऱ्या दिवशी तो मुलगा अर्धी वाट चालत आणि अर्धी मोटारसायकलने तालुक्याच्या गावी गेला आणि नवी चेन घेऊन आला. त्याने ‘वीस इंची चेन द्या’ असे सांगितले होते आणि दुकानदाराने वीस इंची चेन दिली होती. ती बारवर चढवली तेव्हा तिचे खालचे दाते बारच्या टोकावरच्या चक्रात बसेनात. बार ०.३२५ इंच पिचचा होता आणि चेन ३/८ इंचाची होती (पिच म्हणजे चेनच्या कड्यांच्या अंतराचे माप, ते कसे मोजायचे ते पुढे सांगतो). लांबी एकच होती, पण जात वेगळी होती. वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती आणि पुन्हा तालुक्याला जाऊन येणे म्हणजे आणखी एक दिवस होता.

मग मी माझ्या पेटीतली ४ मि.मी.ची गोल कानस काढली आणि त्याच जुन्या चेनला धार लावायला बसलो. त्या चेनला खरे तर ४.८ मि.मी.ची कानस लागते. बारीक कानशीने दात्याच्या पोटात खाच खोल पडते, धार आकडीसारखी पुढे येते, सुरुवातीला झपाट्याने कापते आणि मग पातळ झाल्यामुळे लवकर मरते. तसेच झाले. दर अर्ध्या तासाला मशीन बंद करून मी ओंडक्यावर बसून चेन घासत होतो आणि जो रस्ता एका दिवसात मोकळा झाला असता त्याला साडेतीन दिवस लागले. त्या साडेतीन दिवसांत वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना खुर्चीत बसवून, फांद्यांखालून वाकत चौघांनी दवाखान्यात न्यावे लागले. त्या सुखरूप परतल्या, पण ती खुर्ची आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

चेन सॉ घेताना आपल्याकडे दोनच गोष्टी पाहिल्या जातात, इंजिन किती सीसीचे आणि बार किती इंचांचा. लाकूड मात्र इंजिन कापत नाही. लाकूड चेन कापते आणि तिला सरळ धरून ठेवण्याचे काम बार करतो. चेन ओळखण्यासाठी तीन आकडे लागतात. पहिला पिच. चेनवरचे लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्याचा निम्मा करा, तो पिच. घरी वर्निअर नसेल तर साधी पट्टीही चालते, कारण तीन रिव्हेटचे हे पूर्ण अंतर साडेसोळा मि.मी. भरले तर चेन ०.३२५ ची असते आणि एकोणीसच्या आसपास भरले तर ३/८ ची. दुसरा आकडा गेजचा, म्हणजे चेनचे जे खालचे दाते बारच्या खाचेत फिरतात त्यांच्या जाडीचा. तो साधारणपणे ०.०५०, ०.०५८ किंवा ०.०६३ इंच असतो, म्हणजे १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. जाड दाते अरुंद खाचेत जातच नाहीत, त्यामुळे ती चूक लगेच कळते. पातळ दाते रुंद खाचेत सहज जातात आणि खरी फसगत तिथेच होते, कारण चेन खाचेत डुलते, काप तिरका जातो आणि माणूस धारेला दोष देत बसतो. तिसरा आकडा त्या खालच्या दात्यांच्या संख्येचा. शेजाऱ्याच्या बारला ७६ लागतात. माझ्या १६ इंची बारला ५६ लागतात, पण दुसऱ्या कंपनीच्या १६ इंचीच बारला ५५ लागतात आणि एका कडीच्या फरकाने चेन एकतर चढत नाही किंवा लोंबते. म्हणजे इंचांवरून चेन मागणे हे पायाचे माप न सांगता ‘मोठ्या माणसाची चप्पल द्या’ म्हणण्यासारखे आहे.

हे तिन्ही आकडे बहुतेक चांगल्या बारांच्या मागच्या टोकाला, मशीनच्या नटाजवळ, कोरलेले असतात. स्वस्तातल्या बारांवर ते नुसते रंगाने छापलेले असतात आणि पहिल्या हंगामातच पुसले जातात. माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. मशीन, बार किंवा चेन विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने बिलावर पिच, गेज आणि खालच्या दात्यांची संख्या लिहून द्यावी. त्याला खर्च काही नाही. गिऱ्हाईकानेही ती ओळ असल्याशिवाय बिल घेऊ नये. शासकीय कार्यालये आणि ग्रामपंचायती आपत्तीसाठी यंत्रे घेतात, त्यांच्या खरेदीच्या कागदातही ही ओळ असावी आणि प्रत्येक यंत्राबरोबर निदान दोन जादा चेन आणि योग्य मापाच्या कानशी घेतल्या जाव्यात.

बारच्या लांबीबद्दल मला थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण या बाबतीत आपल्याकडे हौस फार आहे. बाजारात ५२ किंवा ५८ सीसीच्या यंत्राला २२ इंची बार लावून विकतात आणि लांब बार पाहून माणूस खूश होतो. आपल्याला कापायचे काय असते? पोफळीचे खोड वीतभरही जाड नसते, माड फूटभराचा असतो आणि हापूसच्या कलमाची छाटायची फांदी क्वचितच त्याहून जाड निघते. १६ इंची बार या सगळ्याला पुरतो आणि त्याहून जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. लांब बारमुळे चेन लांब होते, तिला फिरवायला इंजिनाची ताकद जास्त लागते, तेल जास्त लागते, धार लावायचे दाते वाढतात आणि यंत्राचे तोंड जड होऊन मनगट दुपारपर्यंत बधिर होते. शिवाय बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की यंत्र उसळून माणसाच्या तोंडाकडे येते आणि लांब बारचे टोक पानांच्या गर्दीत कुठे आहे ते दिसत नाही. वादळात पडलेल्या झाडांत तर फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात. ज्याचा रोजचा धंदा झाडे तोडण्याचा आहे त्याने मोठा बार जरूर घ्यावा. बागायतदाराने १६, फार तर १८ इंचांवर थांबावे.

चेनच्या दात्याचा आकारही विचारून घ्यावा. एका जातीच्या दात्याचा कोपरा काटकोनात टोकदार असतो आणि दुसऱ्या जातीत तो थोडा गोलसर असतो. टोकदार कोपऱ्याची चेन स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने कापते आणि दुकानदार तिचीच शिफारस करतात. मातीने माखलेल्या, वाळलेल्या किंवा कठीण लाकडात तो कोपरा पहिल्या तासात जातो आणि कोपरा गेला की सगळे गेले. गोलसर कोपऱ्याची चेन किंचित हळू कापते, पण धार टिकवते. आपल्याकडे लाल चिखल, सागाच्या लाकडातली सिलिका आणि माडाच्या खोडाचा तो चिवट, तंतूंचा बाहेरचा थर हे सगळे धारेचे शत्रू आहेत. कोकणासाठी गोलसर कोपऱ्याचीच चेन घ्यावी असे माझे अनुभवाचे मत आहे. कुठलीही चेन असली तरी कापण्यापूर्वी खोडाचा मातकट भाग कोयत्याने तासून काढावा किंवा वर घागरभर पाणी ओतावे. दोन मिनिटांच्या त्या कामाने अर्धा दिवस वाचतो.

आता धारेविषयी लिहितो, कारण खरी गरज तिथे आहे. चेनला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. हातात घेतल्यावर ढलप्या लागल्या, चौकोनी, नखाएवढ्या, तर चेन उत्तम आहे. पीठ लागले तर थांबावे. यंत्र दाबावे लागले तर थांबायला आधीच उशीर झाला आहे, कारण बोथट चेन दाबून चालवली की ती तापते, तापली की ताणली जाते, बारच्या कडा घासून टाकते, क्लचवर भार येतो आणि दाबणाऱ्या माणसाचा तोल ज्या क्षणी लाकूड संपते त्या क्षणी जातो. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक दात्यावर दोन-तीन हात कानस मारण्याची सवय लावली तर चेन सहसा बोथट होतच नाही. एखाद्या ओंडक्यात खाच करून त्यात बार पाचरीने घट्ट बसवला की तोच आपला व्हाइस होतो.

०.३२५ च्या चेनला ४.८ मि.मी.ची गोल कानस आणि लहान यंत्रांच्या बुटक्या ३/८ चेनला ४ मि.मी.ची लागते, तर मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५. कानस दात्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलावी, परत आणताना उचलावी. ओढताना घासली तर कानशीचेच दाते मरतात, हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो आणि तरी प्रत्येक वर्गात निम्मी मुले पुढे-मागे घासत. बहुतेक दात्यांच्या वरच्या पट्टीवर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते, ती बहुधा तीस अंशांची असते आणि कानस तिला समांतर धरली की कोन चुकत नाही. कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दात्याच्या वर दिसला पाहिजे. कानशीला तेल लावू नये. आधी एका बाजूचे सगळे दाते करावेत, मग यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले. सर्वांत आखूड झालेला दाता शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणावेत, कारण उजवे दाते लांब आणि डावे आखूड राहिले तर काप केळ्यासारखा वाकडा जातो. उजव्या हाताने घासणाऱ्याची एक बाजू नेहमी जास्त घासली जाते, म्हणून हात मोजून मारावेत.

प्रत्येक दात्याच्या पुढे एक बोथट उंचवटा असतो. बहुतेकांचे त्याच्याकडे लक्षच जात नाही आणि ज्यांचे जाते ते तो निर्दयपणे घासून टाकतात. दात्याने लाकडात किती खोल शिरायचे हे तो उंचवटा ठरवतो. दाता मागे उतरता असल्यामुळे धार लावून तो आखूड होतो तशी त्याची उंचीही घटते आणि उंचवटा तेवढाच राहिला तर धारदार दाताही नुसता लाकडावरून घसरतो. दोन दात्यांच्या माथ्यांवर सरळ पट्टी ठेवली की उंचवटा आणि पट्टी यांच्यामध्ये ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६५ मि.मी. फट असावी. त्यासाठी वेगळे मापक विकत मिळते, पण ते नसले तरी अडत नाही. हाताने चालवायच्या हॅकसॉच्या पात्याची जाडी साधारण तेवढीच असते. पात्याचा मोडका तुकडा त्या फटीत घालून पाहावा, शिरत नसेल तर चपट्या कानशीने उंचवट्यावर एक-दोन हात मारावेत आणि त्याची पुढची कड पुन्हा गोल करावी. फट दुप्पट झाली तर यंत्र हिसके मारू लागते आणि उसळण्याचा धोका वाढतो. या एका तुकड्याने माझ्या विद्यार्थ्यांनी किती चेन वाचवल्या असतील याची गणती नाही.

बारकडे तर कोणीच पाहत नाही. चेन काढली की बार उलटा करून बसवावा, वरची कड खाली आणि खालची वर, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. बारवरची अक्षरे उलटी दिसतात म्हणून तो परत ‘सरळ’ करणारे मी पाहिले आहेत. खाचेत साचलेला तेल-भुशाचा काळा लगदा पातळ पत्र्याने खरवडून काढावा आणि तेल जिथून बारमध्ये येते ते बारीक छिद्र तारेने मोकळे करावे. बारच्या कडेवरून नख फिरवले आणि ते अडकले तर कडेला पापुद्रा आला आहे असे समजून चपट्या कानशीने तो काढावा. मग बार कडेवर उभा करून काचेवर ठेवावा. तो सरळ उभा राहिला नाही, एका बाजूला कलला, तर कडा असमान झिजल्या आहेत आणि कितीही नवी चेन घातली तरी काप सरळ येणार नाही. क्लचजवळचे चेन फिरवणारे चक्रही साधारण दोन चेन संपल्या की बदलावे. झिजलेल्या चक्रावर नवी चेन चढवली तर ती काही दिवसांत ताणून निकामी होते.

ताण तपासताना बारचे टोक वर उचलून धरून नट आवळावा. चेन खालच्या बाजूला बारला चिकटलेली असावी आणि तरीही हातमोजा घालून हाताने ओढता यावी. काम करताना तापून ती सैल होते, तेव्हा पुन्हा ताणावी लागते, पण काम संपल्यावर ती सैल करून ठेवायला विसरू नये. गरम असताना आवळलेली चेन थंड होऊन आक्रसते आणि रात्रभर बारला आणि क्रँकशाफ्टला ओढत राहते.

तेलाच्या बाबतीत माझी कळकळीची विनंती आहे. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ते चेनच्या टाकीत घालण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनातले धातूचे कण असतात, ते चेन, बार आणि तेलाचा पंप तिन्हींना घासतात. चेन पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते, म्हणजे टाकीतला प्रत्येक थेंब शेवटी झाडाच्या सालीवर, जमिनीत, पऱ्ह्यात आणि चालवणाऱ्याच्या कातडीवर उडतो. आपण ज्या आगरातल्या विहिरीचे पाणी पितो त्या आगरात हे ऑइल शिंपडणे मला पटत नाही. चेनसाठी चिकट तेल वेगळे मिळते, ते चेनला धरून राहते. ते मिळालेच नाही तर निदान नवे, न वापरलेले इंजिन ऑइल घालावे. खोबरेल घालून पाहिलेले लोक मला भेटले आहेत. पण आमच्याकडे पौषात सकाळी ते टाकीतच थिजते आणि उरलेले गोंदासारखे चिकटून बसते. तेल येते की नाही हे पाहायला बारचे टोक पांढऱ्या कागदासमोर चार बोटांवर धरून यंत्राचा वेग थोडा वाढवावा. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

हे सगळे केवळ वादळापुरते नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, दाटलेल्या आंबा बागांची छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचे तंत्र बागायतदारांना शिकवले आणि तेव्हापासून चेन सॉ जिवंत झाडावर चालू लागली. जिवंत झाडावर बोथट चेन चालवली की साल फाटते, कापाची कड भुसभुशीत होते आणि फांदी स्वतःच्या वजनाने तुटताना खोडाची साल हातभर सोलून नेते. सालीच्या अशा भेगांत भिरूड (खोडकिडीचा भुंगेरा) अंडी घालते आणि तिची अळी खोड पोखरत आत जाते. आधी खालून, मग वरून काप घेऊन फांदीचे वजन उतरवावे, शेवटचा काप धारदार चेनने स्वच्छ घ्यावा आणि जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. धारेवर एका कलमाचे आयुष्य अवलंबून असू शकते. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज जगभर वापरली जाणारी ही चेन जोसेफ कॉक्स या अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील लाकूडतोड्याला सुचली. १९४६ मध्ये त्याने लाकडात एक अळी डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत सहज पुढे जाताना पाहिली आणि तिच्या जबड्यांसारखे आळीपाळीने डावे-उजवे दाते असलेली चेन बनवली. ती अळी भुंगेऱ्यांच्या ज्या कुळातली होती त्याच कुळातले आपले भिरूड आहे. जिच्या जबड्यांवरून चेन निघाली, तिच्याच भावकीला बोथट चेनने आपण कलमाच्या खोडात वाट करून देतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वर्षभरापूर्वीचा धडा वाडीने गिरवलेला होता आणि दुपारपर्यंत अडलेली वाट त्याच संध्याकाळी मोकळी झाली. नवे यंत्र कोणी घेतले नव्हते. तीच दोन यंत्रे होती, फक्त चेन धारदार होत्या आणि जादा चेन त्याच मापाच्या होत्या.

म्हणून माझी दुसरी मागणी कृषी विज्ञान केंद्रे, तालुका कृषी कार्यालये आणि आयटीआय यांच्याकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक तालुक्यात एक दिवस धार लावण्याचे शिबिर घ्यावे. व्याख्यान नको, प्रत्येकाने आपले यंत्र घेऊन यावे, व्हाइसपुढे उभे राहावे आणि स्वतःच्या हाताने एक चेन पूर्ण करूनच घरी जावे. फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाची मुले हे शिकवू शकतात, इतके ते सोपे आहे. मी आजही त्यासाठी हवे तेव्हा यायला तयार आहे. आपत्तीच्या यादीतले ‘कटर सज्ज’ हे वाक्य लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यानेही त्या दिवशी कार्यालयातले यंत्र तिथे आणून सुरू करून पाहावे.

माझ्या घरी पडवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात शेजाऱ्याच्या मोठ्या यंत्राच्या दोन चेन, ४.८ च्या तीन कानशी, एक चपटी कानस, नटाचा पान्हा, तार आणि हॅकसॉच्या पात्याचा एक तुकडा आहे. झाकणावर ऑइलपेंटने ०.३२५, ०.०५८ आणि ७६ असे ठळक लिहून ठेवले आहे, कारण पुढच्या वादळात मी घरी असेनच असे नाही.

आपला,
एक आंबा-सुपारी बागायतदार
दापोली तालुका, जि. रत्नागिरी